रात्रीचं वेबिल

पुण्यात सत्तावीस वर्षं मी बसवर कंडक्टर होतो. सुट्ट्या पैशांवरून रोज कुणाशी तरी वाजायचं. एकदा स्वारगेट-कात्रज गाडीत एका म्हातारीने पदराची गाठ दातांनी सोडली आणि नाणी खाली सांडली. "बाजार मांडलाय का इथे?" मी ओरडलो. ती काही बोलली नाही. कात्रजचं तिकीट काढलं आणि पद्मावतीलाच उतरली. शेवटच्या फेरीनंतर सीटखाली दोन रुपयांचं नाणं सापडलं. ते अजून माझ्याकडे आहे.

स्वभावाला औषध नाही, असं म्हणून मी पुढेही बरीच वर्षं काढली. रिटायर झाल्यावर घरातलेच प्रवासी उरले, तेव्हा डोळे उघडले. मग जे जमलं ते सांगतो.

सकाळी पर्वती चढा. गुडघे कुरकुरत असतील तर घरात येरझाऱ्या घाला, चालेल. सोबत मनाचे श्लोक घ्या. एकूण 205 आहेत, वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे एका ओळीत बारा अक्षरं, तीन-तीनचे चार गट. 'गणाधी । श जो ई । श सर्वा । गुणांचा' असं तोडून म्हणा, एका पायरीला एक गट. चार पायऱ्यांत ओळ, सोळा पायऱ्यांत श्लोक. पर्वतीच्या 103 पायऱ्यांत तोच श्लोक सहा वेळा होतो आणि वर सात पायऱ्या उरतात, त्या दम खायला. भराभर चढलात तर ओळ तुटते, त्यामुळे चाल आपोआप ताब्यात राहते. एका दिवशी एकच श्लोक. अर्थ कळला नाही तरी पुढे जा, तो नंतर कधीतरी भाजी निवडताना कळतो. मला सगळे पाठ व्हायला चौदा महिने लागले. आणि मोबाईलवर मोठ्याने लावून चढू नका, लोक वर शांततेसाठी येतात!

रात्रीचं काम मात्र अवघड आहे. ड्युटी संपली की डेपोत वेबिल जुळवायचं असतं: किती तिकिटं फाटली, किती कॅश जमली. कमी पडली तर खिशातून भरा. तसंच दिवसाचं करायचं. दोनशे पानी वही घ्या. सकाळी एकच गोष्ट लिहा. माझ्या वहीत बहुतेक दिवस 'जीभ' असतं. रात्री खाली लिहा, कुणाला काय बोललो. 'आज राग आला' हे लिहिणं म्हणजे कॅश मोजल्याशिवाय सही ठोकणं. शब्द जसाच्या तसा हवा. मी लिहिलंय: 'सूनबाईला, कुकरच्या शिट्टीवरून, "कान नाहीत का?"' आपलंच अक्षर वाचवत नाही.

मग भरणा. तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाआधी, त्याच माणसापुढे. "काल मी चुकीचं बोललो," एवढंच. पुढे 'पण' आला की भरणा बाद. पहिल्यांदा मी म्हणालो तेव्हा सूनबाई घाबरली, तिला वाटलं माझी तब्येत बिघडली. भरणा टळला तर चहाही टळतो, हा नियम मीच केला आणि दोनदा डोकं धरून बसलो.

एकादशीला उपवास मीही करतो, पण साबुदाण्याची खिचडी आणि वर बटाट्याचा कीस याला संयम म्हणायला जीभ रेटत नाही. त्यापेक्षा त्या दिवशी दोन तास मौन पाळा. टीव्हीही बंद.

एखादी रात्र चुकली तर पान कोरंच ठेवा. दुसऱ्या दिवशी आठवून भरू नका, आठवणीतला हिशेब नेहमी आपल्या बाजूने जुळतो. माझ्या गेल्या महिन्यात अकरा पानं कोरी आहेत.