या चुका टाळा: माळ्यावरची जुनी गेम आणि जुना संगणक लगेच लावू नका

गोव्यात जुन्या गेम आणि जुने संगणक अजून निघतात, त्याचं कारण आपल्या घरांतच आहे. वाड्यावर एक तरी तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, असतो, एक तरी आखातात नोकरी करून परतलेला असतो. त्यातल्या कुणी जपानच्या बंदरातून निन्टेन्डोचा गेम मशीन फॅमिकॉम आणलेला असतो, कुणी कुवैतहून अरबी अक्षरांचा ‘सखर’ एमएसएक्स संगणक. पोर्तुगालात नातेवाईक असलेल्या एखाद्या घरात तिथे बनलेला टायमेक्स २०४८ संगणक सापडतो. बाकी लिटल मास्टर, मीडिया ही फॅमिकॉमची नक्कल मशीनं आणि ‘९९९९ इन १’च्या पिवळ्या गेम कॅसेट तर सगळीकडे. चवथीआधी साफसफाई निघते, माळ्यावरचं खोकं खाली येतं, आणि मग मला फोन येतो: “दादा, लावून बघितलं, जरा वास आला. आता काय करू?”

आता काय करणार? वास यायच्या आधी फोन केला असतास तर काहीतरी करता आलं असतं.

पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालतो असं नाही

दुरुस्तीला येणारी निम्मी यंत्रं वयाने मेलेली नसतात, अडॅप्टरने मारलेली असतात. फोंड्याच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाचीच गोष्ट घ्या. त्याच्या काकांनी इंग्लंडहून आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम संगणक कपाटात होता, मूळ अडॅप्टर हरवलेला. पोराने वायफाय राउटरचा अडॅप्टर काढला, पिन अगदी छान बसली, बटण दाबलं. टीव्हीवर काहीच नाही. मग त्याने काय करावं? कॅमेऱ्याचा, म्हणजे सीसीटीव्हीचा, दुसरा अडॅप्टर लावून बघितला. मग वास आला.

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधल्या भागात ऋण टोक असतं. राउटरचे, कॅमेऱ्याचे अडॅप्टर बहुतेक १२ व्होल्टचे आणि मध्ये धन. म्हणजे व्होल्टेज जास्त आणि वर उलटं. यंत्र उघडलं तर कॉइलजवळचा टीआर-४ ट्रान्झिस्टर गेलेला. हा ट्रान्झिस्टर एकटा जात नाही. खालच्या १६ के मेमरीच्या ४११६ जातीच्या आठ चिप्सना ५, १२ आणि उणे ५ असे तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, आणि त्यातले १२ आणि उणे ५ बनवण्यात याचा हात असतो. तो बिघडला की चिप्सही जातात. त्या मुलाच्या मशीनवर ‘१९८२ सिंक्लेअर रिसर्च’ ही ओळ परत दिसेपर्यंत पुढचा पावसाळा आला, कारण चांगल्या ४११६ कुठे रस्त्यावर पडलेल्या नाहीत. मुलगा हुशार आहे, ट्रान्झिस्टरचं गणित कागदावर माझ्यापेक्षा चांगलं सोडवतो. मध्ये धन की ऋण हे दाखवणारं अडॅप्टरवरचं गोल चिन्ह वाचायला मात्र त्याला वेळ नव्हता.

निन्टेन्डोच्या बाबतीत तर सापळा आणखी वाईट. युरोप-अमेरिकेच्या एनईएसचा, म्हणजे फॅमिकॉमच्या परदेशी भावंडाचा, मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो, कारण त्या मशीनच्या आत रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा भाग, आहे. जपानी फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतो आणि त्याच्या आत रेक्टिफायर नाही. पिन एकाची दुसऱ्यात आरामात बसते. शिवाय जपानी अडॅप्टर १०० व्होल्टच्या विजेसाठी बनलेला. तारवटी बाबांनी बोटीवर तो चालवला असेल, पण आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात तो घातलात की ट्रान्सफॉर्मर आधी गुणगुणतो आणि मग तापून जातो. नशीब चांगलं असेल तर तो एकटाच जातो.

माझी सवय अशी आहे. यंत्र हातात आलं की पहिल्या दिवशी त्याला वीज मिळत नाही. स्क्रू काढायचे, आत बघायचं, वास घ्यायचा. अडॅप्टर यंत्राशिवाय वेगळा लावून मल्टिमीटरने एसी की डीसी, किती व्होल्ट आणि मध्ये काय, हे बघायचं आणि कागदी पट्टीवर लिहून अडॅप्टरलाच चिकटवायचं. ज्याच्याकडे मल्टिमीटर नाही त्याने जुनी यंत्रं विकत घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक चिडतात, चिडू देत.

कमोडोर ६४ संगणकाच्या पॉवर सप्लायचा मूळ काळा ठोकळा असेल तर तो शोकेसमध्ये ठेवा आणि नवा सप्लाय घ्या. त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर बिघडला की व्होल्टेज कमी होत नाही, वाढतं, आणि आतली रॅम भाजते. आत राळ ओतलेली असल्याने उघडून दुरुस्त करायची सोयही नाही.

आणखी एक प्राणी सांभाळा. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांत संगणक शिकवण्यासाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला आणि देशभरातल्या शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक पोचले. शाळेच्या खोलीतून असं यंत्र भंगारअड्ड्यावर जाताना दिसलं तर जरूर वाचवा, पण घरी आणून लावू नका. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे पिवळसर पारदर्शक कपॅसिटर असतात. त्यांच्या आवरणाला केसासारख्या चिरा पडतात, आतला कागद हवेतला ओलावा पितो, आणि आपल्याकडे ओलाव्याची काय कमी? यंत्र चालू होतं, ‘बीबीसी कॉम्प्युटर’ असं लिहून येतं, तुम्ही खूश होऊन आईला हाक मारता, आणि तेवढ्यात आतून फटाका. धुराचा वास पडद्यांतून जायला आठवडा लागतो. ते कपॅसिटर आधी काढा आणि एक्स-२ वर्गाचे नवीन प्लास्टिक फिल्मवाले घाला. त्या सप्लायमध्ये घरची वीज थेट खेळते, तेव्हा हे काम येत नसेल तर येणाऱ्याकडे द्या.

चकचकीत कॅसेट घेऊ नका

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. थुंकीचा ओलावा पिनांवर बसतो, आणि फुंकल्यावर चालते ती परत काढून घातल्यामुळे. एवढं पुरे.

खरा राग मला पॉलिश पेपरचा आहे. बाजारात जुन्या कॅसेट विकणारे काही लोक पिना पॉलिश पेपरने घासून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटतं, माल नवा आहे. मडगावच्या एका ओळखीच्या माणसाने अशा पिशवीभर कॅसेट एप्रिलमध्ये घेतल्या. आरशासारख्या पिना, सगळ्या पहिल्या फटक्यात चालल्या, आणि मला फोनवर ऐकवलं की तुम्ही लोक उगाच कापूस-स्पिरिटचं नाटक करता. श्रावणात तोच माणूस ती पिशवी घेऊन दारात. निम्म्या कॅसेट बंद, पिना हिरव्या.

कारण साधं आहे. चांगल्या कॅसेटच्या पिनेवर सोन्याचा अतिशय पातळ थर असतो, त्याखाली निकेल, त्याखाली तांबं. सोनं गंजत नाही, म्हणून तर ते तिथे लावलेलं. पॉलिश पेपरने पहिल्याच हाताला तो थर उडतो आणि उघडं तांबं जुलैच्या हवेत राहतं. समुद्राजवळ घर असेल तर मीठही आलं. एकदा सोनं गेलं की ते घरी परत चढवता येत नाही. मग दर पावसाळ्यानंतर साफ करत बसा, आणि दर वेळी थोडं तांबंही जाईल. भांडी घासायची हिरवी जाळी, शाईचा खरखरीत रबर, टूथपेस्ट ही सगळी त्याच घराण्यातली.

करायचं ते कंटाळवाणं आहे. कॅसेट उघडायची, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कानातल्या कापसाच्या काडीला लावायचं, पिनेच्या लांबीच्या दिशेने पुसायचं, काडी काळी झाली की फेकायची. काडी पांढरी राहेपर्यंत. अगदी काळा थर बसला असेल तरच शाळेतला मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने, आणि नंतर परत अल्कोहोल. मग मशीनचा स्लॉटही साफ करा, नाहीतर साफ कॅसेट घाणेरड्या स्लॉटात घालून काय मिळवलंत? सॅनिटायझर जेल चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे चालत नाही. थिनर तर प्लास्टिकच खातो. आणि दर वर्षी कोणीतरी विचारतो म्हणून सांगतो: फेणी चालत नाही. कितीही कडक असली तरी तिच्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. ती साफसफाई झाल्यावर घ्या.

गळलेली बॅटरी आणि चुकीचा सोडा

३८६ पीसीच्या काळातले मदरबोर्ड आणि अमिगा ५०० प्लस संगणक यांच्यावर छोट्या पिंपासारखी निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती गळते. गळली नसेल तर गळणार आहे. बोर्ड चालतोय म्हणून ती तशीच ठेवणारे लोक मला समजत नाहीत. आजच कापून काढा.

गळलेली असेल तर लोक खाण्याचा सोडा लावतात, कारण कुठेतरी ऐकलेलं असतं की बॅटरीत आम्ल असतं. गाडीच्या बॅटरीत असतं. या बॅटरीतलं द्रव अल्कली आहे, त्यावर सोडा लावून काही होत नाही. त्याला आम्ल हवं, म्हणजे व्हिनेगर. आपल्या घरात माडाच्या सुरेचं व्हिनेगर असतं, तेही काम करेल, पण त्याचा गाळ पिनांखाली बसतो. दुकानातलं पांढरं घ्या, जुन्या टूथब्रशने लावा, फेस थांबला की डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग अल्कोहोल, मग दोन दिवस पंख्याखाली. हिरवट पडलेले ट्रेस, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा, नंतर एकेक करून मल्टिमीटरने तपासायचे. इथे बहुतेकांचा धीर सुटतो.

गेम सेव्ह करणाऱ्या कॅसेटमध्ये नाण्यासारखा सेल असतो. तो काढला की सेव्ह गेले, हे आधी लक्षात घ्या. नंतर रडू नका. नव्या सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, सेल तापून फुटू शकतो. पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेला सेल मिळतो, तो आणा. चिकटपट्टीने सेल दाबून बसवणं हा उपाय नाही, तो पुढच्या मालकाला दिलेला त्रास आहे.

पावसाळा

जूनमध्ये घाईघाईने कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करणारे ओलावाही आत बंद करतात. डबे भरायचे ते जानेवारी-फेब्रुवारीत, कोरड्या दिवशी, आत सिलिका जेल घालून. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून परत निळे करा. डांबराच्या गोळ्या घालू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. लेबलं कसर खाते, म्हणून डबा घट्ट बंद होणारा हवा. मशीनमध्ये पालीची अंडी निघतात, तेव्हा उघडताना किंचाळू नका. मे महिन्यात गडगडायला लागलं की सगळे प्लग बाहेर. फक्त बटण बंद करून भागत नाही.

उरलेल्या चुका

पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं करायचं वेड हल्ली फार आहे. आमच्या मेच्या उन्हात गच्चीवर ठेवून विसरलात तर प्लास्टिक वाकतं, पेरॉक्साइडची क्रीम सुकली तर पांढरे पट्टे पडतात, आणि काही वर्षांनी परत पिवळंच होतं. मी बहुतेक यंत्रं पिवळीच ठेवतो.

निन्टेन्डोच्या कॅसेटचे स्क्रू वेगळे असतात, त्यांना ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. पेनाचं टोक वितळवून दाबायची युक्ती स्क्रूत प्लास्टिक भरून ठेवते. बिट मागवा, चार दिवस थांबा.

क्लोन कॅसेट ‘नकली’ म्हणून फेकू नका. आत चिपऐवजी काळ्या राळेचा थेंब असतो हे खरं, पण गोव्यात आणि बाकी देशात ऐंशी-नव्वदची पोरं खेळली ती याच कॅसेटवर. मूळ माल फक्त परदेशात शोधत बसणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या माळ्यावरच्या कॅसेट मला द्या.

आणि गेमची बंदूक एलसीडी टीव्हीवर चालत नाही म्हणून ती खोलून बसू नका. बंदूक चांगली आहे. तिला जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचा प्रकाश त्या क्षणी दिसावा लागतो, नव्या टीव्हीत तो उशिरा येतो आणि वेगळ्या तऱ्हेने पडतो. भंगारअड्ड्यावर एव्ही इनपुटचा २१ इंची ट्यूबवाला टीव्ही दिसला तर घ्या, मागचं झाकण मात्र उघडू नका. बंद केल्यावरही आत हजारो व्होल्ट टिकून राहू शकतात. आणि आणायला दोघे जा, तो एकट्याने उचलायची वस्तू नव्हे.