आयआरएफ३ वर काम करायचंय? आधी एवढं वाचा

माशांच्या इम्युनॉलॉजीत नव्याने आलेली मुलं ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं, आयआरएफ३ त्यातलंच एक) हा विषय हौसेने घेतात, क्यूपीसीआर (जनुकाची आरएनए प्रत, म्हणजे एमआरएनए, किती बनते ते मोजणारी चाचणी) लावतात, आलेख वर गेला की प्रबंध झालाच असं धरून चालतात. इथेच गाडी अडते.

विषाणूचा आरएनए पेशीत शिरला की आरआयजी-आय, एमडीए५, टीएलआर३ हे ग्राही तो ओळखतात. माशांकडे टीएलआर२२ सुद्धा असतो, आपल्याकडे नाही. पुढे टीबीके१ हे किनेज आयआरएफ३ ला फॉस्फेट लावतं, आयआरएफ३ ची जोडी जमते, ती केंद्रकात जाते आणि इंटरफेरॉनचं जनुक चालू होतं. इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना सावध करतो. तिथे स्टॅट१, स्टॅट२ आणि आयआरएफ९ ही प्रथिनं मिळून एमएक्स, व्हायपेरिन वगैरे विषाणूला रोखणारी जनुकं चालू करतात.

आता गोम. आयआरएफ३ पेशीत आधीपासून असतोच, त्याला फक्त जागं करायचं असतं. त्यात माशांत इंटरफेरॉनमुळे खुद्द आयआरएफ३ चं जनुकही वाढतं. म्हणजे पॉली आय:सी (विषाणूच्या आरएनएची नक्कल करणारं कृत्रिम रसायन) टोचलेल्या रोहूत त्याचा एमआरएनए चढलेला दिसला, तरी ते कारण की परिणाम, हे आलेखावरून कळत नाही. ‘नियमन करतो’ असं लिहायचं तर ल्युसिफरेज रिपोर्टर (प्रमोटर चालू झाला की प्रकाश देणारी चाचणी) लावा, प्रमोटरमधली, म्हणजे जनुकाच्या चालू-बंद बटणातली, आयएसआरई ही आयआरएफ चिकटण्याची जागा बिघडवून बघा, प्रथिन केंद्रकात गेलं का ते मायक्रोस्कोपखाली दाखवा. ते बघायला लागणाऱ्या बाजारातल्या अँटिबॉडी बहुतेक माणसाच्या नाहीतर उंदराच्या प्रथिनांसाठी केलेल्या असतात, रोहूत चालतीलच असं नाही. त्यामुळे प्रथिनाला टॅग (ओळखखूण) लावलेला प्लास्मिड (पेशीत घालायचा डीएनएचा गोल तुकडा) करून घ्यावा लागतो, आणि माझे सगळ्यात कंटाळवाणे महिने त्यातच गेले.

नमुना घेणं मात्र मला मनापासून आवडतं. माशांना अस्थिमज्जा नसते, रक्तपेशी घडवण्याचं काम हेड किडनी (मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग) करते. लवंगतेलात मासा भुलवायचा, पोट उघडायचं, आतडी बाजूला सारायची. कल्ल्यांच्या मागे, कण्याला चिकटून गडद लाल, लिबलिबीत ऊती दिसते. चिमट्याने ओढली तर फाटते, हळूच सोडवायची आणि लगेच ट्रायझॉलमध्ये (आरएनए टिकवून वेगळा काढणाऱ्या द्रावणात) टाकायची. कोळीवाड्यातून बर्फातला मासा आणून काम भागेल का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. नाही भागत. तोवर आरएनएचे तुकडे झालेले असतात. (आणि टोचलेला रोहू घरी नेऊन खाता येत नाही, हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही.)

मुंबईत या कामाचं ठळक ठिकाण म्हणजे वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. १९६१ साली सुरू झालेली, १९८९ पासून अभिमत विद्यापीठ. एम.एफ.एस्सी.चा (मत्स्यविज्ञानातल्या पदव्युत्तर पदवीचा) प्रवेश आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या परीक्षेतून होतो. बी.एफ.एस्सी. नसलेल्या झूलॉजीवाल्यांनी प्रकल्पांवरच्या जेआरएफच्या (ज्युनियर रिसर्च फेलोच्या) जाहिरातींवर लक्ष ठेवावं, मीही तशीच आत आले.

मुलाखतीत तुम्हीही दोन प्रश्न विचारा. प्रयोगशाळेत माशाची स्वतःची सेललाइन (प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या पेशी) आहे का? नसेल तर रिपोर्टर माणसाच्या एचईके पेशींत, ३७ अंशांवर करावा लागतो, आणि रोहूच्या पेशी २८ च्या आसपास वाढतात. परीक्षक हे विचारतातच. दुसरं, खरा विषाणू हाताळायची सोय आहे, की सगळं पॉली आय:सीवरच?