जर्मनीचं ब्लू कार्ड: राजीनामा देण्याआधी जुळवायचे कागद

ऑफर लेटर आलं की महापे-ऐरोलीच्या ऑफिसांत पहिला विचार नोटीस पीरियडचा होतो. नव्वद दिवस भरायचे म्हणून लोक त्याच संध्याकाळी राजीनामा टाकतात. तेवढं करू नका. जर्मनीत पदवीधरांना नोकरीसाठी मिळणारं ब्लू कार्ड पदवी, पगार, काम आणि करार या चार गोष्टींवर ठरतं. एक जरी अडली तर व्हिसा अडतो, आणि इकडची खुर्ची तोवर दुसऱ्याला मिळालेली असते.

सुरुवात पदवीपासून. परदेशी विद्यापीठं आणि पदव्यांचा जर्मनीचा ‘अनाबिन’ नावाचा डेटाबेस ऑनलाइन फुकट पाहता येतो. त्यात दोन वेगळे शोध घ्यायचे: आधी विद्यापीठ, मग पदवी. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) हवं आणि पदवीपुढे ‘एन्टश्प्रिख्ट’ (तोडीची) किंवा ‘ग्लाइशव्हेर्टिग’ (समतुल्य) यांपैकी एक शब्द हवा. दोन्ही पानांची प्रिंट काढून ठेवा. बहुतेक जण कॉलेजचं नाव शोधतात आणि सापडत नाही म्हणून घाबरतात. कॉलेज नव्हे, पदवी ज्या विद्यापीठाने दिली त्याचं नाव टाकायचं. ‘बेडिंग्ट फेरग्लाइशबार’ (अंशतः तुलनीय) असं दिसलं, पदवी यादीतच नसली किंवा संस्थेपुढे प्लस-मायनस अशी खूण असली, तर ‘झेडएबी’ या जर्मन कार्यालयाकडून मूल्यांकनपत्र मागवावं लागतं. त्याची फी २०८ युरो. हे काम मुलाखती चालू असतानाच सुरू करा, ऑफरची वाट पाहू नका.

आता पगार. २०२६ साठी पगाराची किमान मर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे, म्हणजे महिन्याला ४,२२५. आयटी, इंजिनीअरिंग, वैद्यकीय अशा मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांत, आणि पदवी मिळून तीन वर्षांपेक्षा जास्त झाली नसतील तर कोणत्याही क्षेत्रात, ४५,९३४.२० युरो पुरतात. मात्र या खालच्या मर्यादेला जर्मन रोजगार संस्थेची मंजुरी लागते, वरच्या मर्यादेला लागत नाही. हे आकडे दर १ जानेवारीला बदलतात. २०२५ मध्ये वरची मर्यादा ४८,३०० होती. म्हणून डिसेंबरमध्ये काठावरच्या पगारावर सही करणं धोक्याचं. एचआरला नवीन आकडा दाखवून करारच सुधारून घ्या. आणखी एक गफलत आपल्या सीटीसीच्या, म्हणजे बोनससकट सगळं धरून पगार सांगण्याच्या, सवयीमुळे होते. हमी नसलेला बोनस यात धरत नाहीत. करारात लिहिलेला ठरावीक ग्रॉस पगारच मोजला जातो.

आयटीत पदवी नसली तरी वाट आहे: गेल्या सात वर्षांत पदवीच्या तोडीचा तीन वर्षांचा अनुभव आणि खालच्या मर्यादेचा पगार. इथे अनुभवपत्रच तुमची पदवी असतं. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होते, वर्तन चांगले’ असली दोन ओळींची पत्रं उपयोगाची नाहीत. कोणती सिस्टिम, कोणती जबाबदारी, कोणत्या तारखा, हे लेटरहेडवर लिहून घ्या.

करार किमान सहा महिन्यांचा हवा आणि काम पदवीला साजेसं हवं. कंपनीने भरायचा एक जर्मन फॉर्म असतो, ‘एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफेरहेल्टनिस’. त्यातला हुद्दा, तास आणि पगार करारातल्याशी तंतोतंत जुळतो का, ते स्वतः ताडून पाहा. घाई असेल तर कंपनी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकते. त्यासाठी तुमचं मुखत्यारपत्र लागतं.

नावाचा घोळ हा खास आपल्याकडचा. मार्कशीटवर ‘सावंत प्रसाद अनिल सुनीता’ असतं: आधी आडनाव, शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर गिव्हन नेम ‘प्रसाद अनिल’ आणि सरनेम ‘सावंत’. करारात एचआरने नुसतं ‘प्रसाद सावंत’ लिहिलेलं. जर्मन कारकुनाला हे तीन वेगळे इसम वाटू शकतात. करार पासपोर्टप्रमाणेच करून घ्या आणि मार्कशीटसोबत नावांचा क्रम समजावणारं चार ओळींचं पत्र जोडा. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंची पदवी माहेरच्या नावावर असते. त्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रतही लावावी. जर्मनीत ‘मधलं नाव’ असा प्रकारच नाही. गिव्हन नेममध्ये जे असेल ते सगळं तुमचं पहिलं नाव, मग त्यात नवऱ्याचं का असेना!

ठाणे स्टेशनपासून वाशीपर्यंत जागोजागी ‘अपॉस्टिल करून मिळेल’ अशा पाट्या आहेत. अपॉस्टिल म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का. जर्मनीसाठी तो खर्च करू नका. भारत अपॉस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने त्याला हरकत घेतली, त्यामुळे आपलं अपॉस्टिल तिथे धरलं जात नाही. एजंट घेणारच असाल तर त्याची नोंदणी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटला नोकरी लावून देण्यासाठी कमाल ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. दोन-तीन लाख मागणारा कुठल्या कायद्याने मागतो, हे त्यालाच विचारा.

अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर पोर्टलवर भरायचा. तिथे कागद तपासून झाले की बायोमेट्रिकसाठी (बोटांचे ठसे वगैरे) मुंबईच्या व्हिसा केंद्रात प्रत्यक्ष जावं लागतं. व्हिसा फी ७५ युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, हनुवटीपासून डोक्यापर्यंत चेहरा ३२ ते ३६ मिलिमीटर. कोपऱ्यावरचा स्टुडिओ सवयीने दोन इंची चौकोनी फोटो काढतो आणि गाल गुळगुळीत करून देतो. दोन्हीला आधीच नाही म्हणा. नोकरी सुरू होईपर्यंतच्या दिवसांचा आरोग्य विमाही लागतो, आणि लोक तो हमखास विसरतात.

नकार आला तर पूर्वी दूतावासाकडेच फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता चूक सुधारून नवा अर्ज करायचा किंवा महिनाभरात बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं. बहुतेकांना नवा अर्जच परवडतो.

तिथे पोहोचल्यावर राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करा. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. नुसता भाडेकरार चालत नाही. टपालपेटीवर आपलं आडनाव त्याच दिवशी चिकटवा. नाव नसेल तर टॅक्स नंबरचं पत्र परत जातं, आणि नंबर मिळेपर्यंत पगार सर्वांत जड कर लावून हातात येऊ शकतो. व्हिसाची मुदत संपण्याआधी तिथे ब्लू कार्डासाठी अर्ज झालाच पाहिजे. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलायची असेल तर परदेशी नागरिक कार्यालयाला आधी कळवा. त्यांना तो बदल ३० दिवस रोखून तपासता येतो. ब्लू कार्डधारकाच्या नवरा-बायकोला जर्मन भाषेची अट नाही आणि नोकरीचीही मुभा आहे. तरी स्वतः बी-वन या मधल्या पातळीपर्यंत जर्मन शिका: कायम वास्तव्याचा परवाना ए-वन या सुरुवातीच्या पातळीवर २७ महिन्यांनी मिळतो, बी-वनवर २१ महिन्यांनी.