रोटरी पंप उतरवण्याआधी आणि टायमिंग बांधताना

डिझेल इंजिनाच्या रोटरी पंपाला, म्हणजे नोझलना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपाला, पाना लावण्याआधी त्याच्याभोवतीचा सगळा भाग डिझेल आणि ब्रशने धुऊन घ्या. पंपातला प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांच्यामधली फट जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची असते, त्यामुळे नटाच्या खाचेतला मातीचा एक कणही प्लंजर धरायला पुरतो. पाइप सुटले की लगेच तोंडांवर बसवायला टोप्या तयार ठेवा. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत राहतात. कॉपर वॉशर नवेच घ्या. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा.

टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ, टीडीसीवरून (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा) बांधतात. म्हणून पुढचं काम टीडीसी शोधण्याचं, आणि बहुतेक घोळ इथेच होतो. पुलीवरची किंवा फ्लायव्हीलवरची खूण क्रँकच्या दर फेरीला जुळते, म्हणजे कॉम्प्रेशनलाही आणि एक्झॉस्टलाही. म्हणून हेड कव्हर काढून टॅपेट बघा. एक नंबरच्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) सैल हवेत, तोच कॉम्प्रेशनचा टीडीसी. चार सिलिंडरच्या इंजिनात त्याच वेळी चार नंबरचे व्हॉल्व्ह एक मिटतोय, दुसरा उघडतोय अशा स्थितीत असतात. एक्झॉस्टवर बांधलेला पंप क्रँकच्या 360 अंशांनी चुकतो आणि इंजिन चालत नाही.

पंपाचा फ्लँज आणि टायमिंग केस यांच्यावर मिळून एक बारीक रेघ ओढा. जुनाच पंप परत बसणार असेल तर ही रेघ सुरुवातीला उपयोगी पडते, पण पंप बदलला तर तिचा भरवसा नाही. शाफ्टचा नट सैल केल्यावर गिअर पुलरनेच सोडवा. शाफ्टच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) हातोडा मारला की आतल्या बेअरिंगचं काम संपलं. नट काढण्याआधी गिअरखाली कापड भरा, नाहीतर गिअर शाफ्टवर अडकवणारी अर्धचंद्राकृती चावी टायमिंग केसमध्ये पडते आणि कव्हर उघडावं लागतं.

डायल गेज (बारीक हालचाल मिमीत दाखवणारं काट्याचं माप) आणि पंपाच्या हेडमध्ये बसणारा अडॅप्टर आधीच जवळ हवा. पंप बसवून बोल्ट हातानेच लावा, मधला प्लग काढा आणि गेजला थोडा दाब देऊन बसवा. थंड स्टार्टचा अ‍ॅडव्हान्स लिव्हर असेल तर तो मोकळा करा. विसरलात तर रीडिंग खोटं येतं. क्रँक उलटा फिरवत न्या. काटा हलायचा थांबला की तिथे शून्य करा. मग चालण्याच्या दिशेने हळू टीडीसीवर या. खूण ओलांडली तर तेवढंच मागे येऊ नका, पाव फेरी मागे जाऊन पुन्हा पुढे या, म्हणजे गिअरची ढिलाई एकाच बाजूला राहते. मॅन्युअलमध्ये टीडीसीवर प्लंजरची चाल 1.00 मिमी लिहिली असेल तर काटा तिथे येईपर्यंत पंपाची बॉडी फिरवा. शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेला फिरवली की टायमिंग अ‍ॅडव्हान्स होतं, म्हणजे पुढे जातं आणि डिझेल लवकर फवारलं जातं. बोल्ट आवळताना पंप किंचित सरकतो, म्हणून आवळून झाल्यावर क्रँक दोन फेऱ्या फिरवून रीडिंग पुन्हा घ्या.

सुरू करण्याआधी पंपात गाळलेलं डिझेल भरा, कारण त्याचं वंगण तेच. आधी फिल्टरची हवा काढा. मग नोझलकडचे नट एक वळसा ढिले करून क्रँक करा, एका वेळी 10-15 सेकंदच. गळती शोधायला बोट लावू नका, पुठ्ठा धरा. त्या दाबाची धार कातडीत घुसते. सुरू झाल्यावर टणटण ठोका आला तर टायमिंग पुढे गेलंय. पांढरा धूर आणि ताकद कमी असेल तर ते मागे पडलंय, पण आधी हवा पूर्ण निघाली का ते बघा.