सुतार बोलवायच्या आधी: किचनच्या कपाटांची तयारी

सगळ्यात आधी मोबाईलवरचे किचनचे फोटो पाहणं आठ दिवस बंद करा. मी दोन महिने तेच करत होती, पांढरं शेकर (चौकटवाला दरवाजा) घेऊ का ग्रे अ‍ॅक्रेलिक, अन् तेलाचा पिपा कुठं ठेवायचा याचा हिशोबच नाही! त्यापेक्षा एका रविवारी सगळं भांडंकुंडं सपरीत म्हणजे ओसरीत काढा आणि टेप घेऊन बसा. १५ किलोचा पिपा, पुरणाचा गंज म्हणजे मोठं पातेलं, परात, कुरड्या-सरगुंड्यांचे डब्बे, वर्षाची हळद-तिखट, सगळ्याची उंची-रुंदी वहीत लिहा. आमचा मोठा गंज निघाला १९ इंच अन् दुकानातल्या तयार ट्रॉलीचं माप १८, म्हणजे लग्नकार्याचं भांडं जन्मभर पलंगाखालीच. गव्हा-डाळीच्या कोठ्या मात्र कपाटात घालायच्या भानगडीत पडू नका, त्या बाजूच्या खोलीतच बऱ्या.

मग सयपाक कोण करते ते पाहा. ओटा साधारण ३२ ते ३४ इंच ठेवतात, पण आमच्या सासूबाई पावणेपाच फुटाच्या अन् मी सव्वापाच, तं दोघींना जमेल असा ३२ धरला. वरची कपाटं ओट्यापासून दीड-दोन फुटावर येतात, म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा हात पहिल्याच फळीपर्यंत पुरते, रोजचं चहा-साखर तिथंच. सासूबाई विळीवर बसून भाजी चिरतात, तेवढी खाली जागा मोकळी सोडा, नाहीतं ट्रॉली उघडली की थेट त्यांच्या पाठीत!

भिंत कोणती आहे? जुनी मातीची असेल तं वरचं कपाट टांगायचा विषयच सोडा, स्क्रू धरत नाही. खाली काळी माती असली की फरशीही कुठं ना कुठं खचलेली असतेच, म्हणून खालच्या कपाटांच्या डब्यांना खालून फिरवून उंची कमीजास्त होणारे चार इंची प्लास्टिकचे पाय लावायला सांगा, लेव्हलही जमते अन् पोछ्याचं पाणी लाकडाला लागत नाही.

आता खरी गोष्ट, माल. इथं मी फसली. तालुक्याच्या एका दुकानातून सिंकखालचा तयार डब्बा आणला, दिसायला एकदम चकाचक, आतून पार्टिकल बोर्ड. पहिल्याच श्रावणात पाईप जरासा गळला अन् तळ चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगला, बोट लावलं तं भुसा हातात. तवापासून माझा एकच नियम, दुकानदाराला सॅम्पलचे तुकडे मागा आणि रात्रभर पाण्याच्या बादलीत टाकून ठेवा, सकाळी कडा फुगलेल्या दिसल्या की तो माल नको. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का पाहा, तो उकळत्या पाण्याच्या टेस्टचा माल असते, अन् सिंकखाली तं स्टील नाहीतर पीव्हीसीच बरं. पीव्हीसी मात्र शेगडीजवळ नको, आचेनं वाकते. आपल्या गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागाचं म्हणाल तं त्याचं नाव थेट अयोध्येच्या मंदिरापर्यंत गेलं, २०२३ ला बल्लारशाहून लाकूड रवाना झालं, पण सगळं किचन सागाचं करायचं म्हटलं तं एक एकर विकावं लागेल, दाराच्या फ्रेमपुरता घेतला तरी खूप. अन् उधईचा (वाळवीचा) फवारा डब्बे बसायच्या आधी मारून घ्या, मागून भिंतीत छिद्रं पाडायला नंतर जागाच उरत नाही.

सिलेंडरच्या कपाटाला खालून जाळी पाहिजेच, गॅस हवेपेक्षा जड असते, गळला तं खाली साचते. ही गोष्ट सुतार स्वतःहून सांगत नाही.

हे सगळं झालं की मग स्टाईल. शेकर दरवाजा फोटोत छान दिसते, पण त्याच्या खाचेत फोडणीचं तेल अन् धूळ बसते, दिवाळीला ब्रश घेऊन घासत बसा. मागच्या अंगणात पऱ्हाटीची (कापसाच्या काड्यांची) चूल पेटत असेल तं पांढरा रंग वर्षभरातच पिवळट होते, आमच्या जावेच्या घरी झाला. ग्लॉसीवर बोटांचे ठसे. खाचेचं हँडल दिसायला मस्त, पण कणकेचा हात लागला की आत पीठ वाळून बसते, साधी स्टीलची मूठ परवडली. आम्ही प्लेन दरवाजे, मॅट, मातकट रंग घेतला. काचेचं फक्त एक दार, तेही सासूबाईंच्या पितळी भांड्यांसाठी, कारण बाकी डब्ब्यांचं तोंड दाखवण्यासारखं नाही.

कोटेशन घेताना रनिंग फुटाचं (नुसत्या लांबीचं) का स्क्वेअर फुटाचं ते विचारा, हिंज, चॅनल, हँडल त्यात धरलेत का, सनमाईका दोन्ही बाजूंनी आहे का हेही कागदावर लिहून घ्या. एकाच बाजूनं लावला तं दाराचा पल्ला वाकते.

वेळ पाहाल तं मिरुग लागायच्या आधी उरकेल असं धरा. नवीन प्लास्टर नीट वाळल्याशिवाय डब्बे बसवू देऊ नका, सुतार कितीही घाई करो. तोपर्यंत शेगडी सपरीत, मिक्सरसाठी एक एक्स्टेंशन बोर्ड, अन् लाईन गेली की काम बंद, म्हणून त्यानं सांगितलेल्या दिवसांचे दीडपट धरा. दरवाजे लावायच्या आधी तो गंज अन् पिपा सुताराच्या हातात द्या अन् म्हणा, भाऊ, हे आत बसवून दाखवा मले, मग लावा पल्ले.