प्राचीन माणसाची जनावरावरची माया पुराव्यांतून कशी ओळखावी

कोल्हापुरातील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली, स्वारांसह असलेली हत्तीची कांस्यमूर्ती तिथल्याच टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे. अशा वस्तूसमोर उभे राहिले की त्या काळच्या माणसाचा जनावरांवर जीव होता असे म्हणण्याचा मोह होतो. तो आधी आवरावा. आपल्याकडे बेंदराला, गोठ्यात बैल नसलेल्या घरीही मातीच्या बैलांची पूजा होते. जनावराची प्रतिमा पूजेची असेल, खेळण्याची असेल किंवा वैभवाची खूण असेल. तेवढ्यावरून एखाद्या जनावरावरची माया सिद्ध होत नाही. ती शोधायची तर ते जनावर मेल्यावर माणसांनी काय केले, हे पाहावे.

म्हणून प्रथम दफनांकडे वळावे. इस्राएलमधील ऐन मल्लाहा येथे सुमारे १२,००० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका माणसाचा हात कुत्र्याच्या पिल्लावर ठेवलेला आढळला. हे दृश्य हेलावून टाकणारे असले, तरी माणसाच्या शेजारी पुरलेले जनावर बळी दिलेलेही असू शकते, ही शक्यता मनात ठेवावी.

त्यानंतर हाडे काय सांगतात ते वाचावे, कारण माझ्या मते सर्वांत भरवशाची साक्ष तीच देतात. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठावरील बेरेनिके बंदरात इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत पुरलेली सुमारे ६०० जनावरे सापडली. त्यांत बहुतेक मांजरे असून काहींच्या गळ्यात पट्टे किंवा मण्यांच्या माळा होत्या. दात गेलेली, सांधे झिजलेली म्हातारी जनावरेही तेथे मिळाली, आणि अशा जनावराला कोणी मऊ अन्न भरवल्याशिवाय ते त्या वयापर्यंत जगत नाही. भारतातून नेलेली माकडेही त्याच जागी पुरलेली होती. ज्या भारत-रोम व्यापाराने ती तिथे पोहोचली, त्याच व्यापाराची खूण असलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती ब्रह्मपुरीत मिळाली आहे, हे कोल्हापूरकराने आवर्जून ध्यानात घ्यावे.

तिसरी खूण नावाची, म्हणजे जनावराची नावानिशी आठवण ठेवल्याची, आणि ती शोधायला आपल्या गावांतील वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड, सोयीचे आहेत. मात्र त्यांच्या खालच्या चौकटीत कोरलेल्या गाई पाहून घाई करू नये, कारण त्या बहुधा गोधन वाचवताना वीर धारातीर्थी पडल्याचे सांगतात. खरा अपवाद पाहायचा तर कर्नाटकातील आतकूरचा, सुमारे इसवी सन ९४९-५० चा शिलालेख वाचावा. मणलेर नावाच्या योद्ध्याने आपल्या स्वामीकडून बक्षीस म्हणून काळी नावाची शिकारी कुत्री मागून घेतली. ती रानडुकराशी झुंजली, दोघेही मेले, आणि तिच्यासाठी दगड उभारून जमीन दान दिली गेली.

वीरगळ सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहावा, म्हणजे झिजलेले कोरीवकामही उठून दिसते. अक्षरे लागावीत म्हणून त्यावर तेल, खडू किंवा रंग मुळीच चोळू नये. चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि कुत्रा दिसल्यास तो वीराच्या पायाशी आहे, शिकारीत आहे की स्वतंत्र चौकटीत, याची तिथेच नोंद करावी.