वाघाचा फोटो नेमका कुठे बिघडतो? जंगलातल्या आणि संपादनातल्या या चुका टाळा

सफारीहून परतलेल्या मित्रांकडून दुरुस्तीसाठी जे फोटो माझ्याकडे येतात, त्यांच्यासोबत बहुतेक वेळा एकच विनंती असते: "थोडे शार्प करून द्या." नांदेड-परभणीकडच्या हौशी छायाचित्रकाराला वाघ पाहायचा तर आधी मराठवाड्याची वेस ओलांडावी लागते, टिपेश्वर त्यातल्या त्यात जवळ, ताडोबा लांब. इतका प्रवास आणि खर्च करून मिळालेला फोटो अस्पष्ट निघाला की वाईट वाटणारच. पण तो अस्पष्ट का निघाला हे न ओळखता स्लायडर ओढत बसणे म्हणजे ताप कशाचा आहे हे न पाहता गोळी देणे होय.

म्हणून संपादन सुरू करण्यापूर्वी फोटो शंभर टक्के आकारात उघडून तपासावा. वाघ, गवत, झाडे असे सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर कॅमेरा हलला आहे. मागची झाडे स्वच्छ असून फक्त वाघाचे पाय किंवा डोके फराटल्यासारखे दिसत असेल, तर वाघाच्या हालचालीला शटरचा वेग (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडे राहते तो) पुरला नाही. वाघाच्या पुढची गवताची पाती धारदार आणि डोळे मऊ असतील, तर फोकस गवतावर बसला आहे. आणि चौकटीत कुठेच धारदार जागा सापडत नसेल, सगळ्या कडा पाण्यातून पाहिल्यासारख्या लहरत असतील, तर दोष बहुधा तापलेल्या हवेचा असतो. या चारही दोषांवर उपाय वेगवेगळे आहेत आणि त्या दोषांपैकी एकही संगणकावर पूर्णपणे दुरुस्त होत नाही.

कॅमेरा हलण्याचे मुख्य कारण म्हणजे जिप्सी, सफारीची उघडी गाडी. इंजिन चालू असेल तर सगळी गाडी थरथरते, आणि ते बंद केले तरी मागच्या बाकावरचा माणूस उभा राहिला की चौकट डोलते. तिपाई गाडीत उपयोगाची नाही. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात ज्वारी भरावी आणि ती गाडीच्या कडेवर ठेवून लेन्स तिच्यावर टेकवावी. माझ्या अनुभवात यापेक्षा स्वस्त आणि चांगला आधार नाही. हातात धरून फोटो काढायचा असल्यास शटरचा वेग निदान लेन्सच्या फोकल लांबीइतका हवा, म्हणजे ४०० मिमीला १/४०० सेकंद. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ४०० मिमीची लेन्स ६०० सारखी वागते, म्हणजे १/६४० च्या खाली जाणे धोक्याचे. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय आपला हात सावरते, वाघाचे पाऊल थांबवत नाही, हेही लक्षात ठेवावे. चालत्या वाघाला १/५०० ते १/८०० पुरते, धावणाऱ्याला १/१६०० किंवा त्याहून अधिक लागते.

इथेच आयएसओची, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता वाढवण्याची, भीती आडवी येते. पहाटेच्या अंधूक उजेडात अनेक जण दाणे (फोटोतले बारीक ठिपके) येतील म्हणून आयएसओ ४०० वर अडून राहतात आणि १/१०० ने फोटो काढतात. आयएसओ ३२०० आणि १/८०० असा फोटो दाणेदार येईल, पण दाणे नंतर बऱ्यापैकी कमी करता येतात. हललेला वाघ मात्र हललेलाच राहतो.

फोकसची चूक मी स्वतः भरपूर केली आहे. पावसाळ्यानंतर उद्याने उघडतात तेव्हा गवत कमरेइतके असते. अशाच एका ऑक्टोबरमध्ये टिपेश्वरला गवतातून सरळ आमच्याकडे येणाऱ्या वाघिणीचे मी शंभरावर फोटो काढले आणि घरी येऊन पाहतो तर गवताच्या पात्यांचे इतके सुंदर चित्रण मी पुन्हा कधी केलेले नाही. कॅमेऱ्याला सगळे फोकसबिंदू मोकळे सोडले की तो बहुधा जवळची वस्तू पकडतो. गवतात एकच लहान बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवावा. प्राण्याचा डोळा ओळखणारी सोय असली तरी पाती आडवी आली की तिचीही फसगत होते. फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाकडे दिले, तर एकदा जमलेला फोकस बोट उचलून तिथेच धरून ठेवता येतो. याचा सराव वाघ समोर आल्यावर होत नसतो; तो हिवाळ्यात जायकवाडीच्या पक्ष्यांवर किंवा शेतातल्या काळविटांवर आधीच करावा.

तापलेल्या हवेविषयी मात्र कोणी बोलत नाही. मे महिन्यात ताडोबात दहा वाजल्यानंतर, कोरड्या तळ्यापलीकडे किंवा तापलेल्या रस्त्यावर दूर बसलेला वाघ कितीही महागड्या लेन्सने टिपला तरी मऊच येतो, कारण मधल्या हवेच्या थरांतून प्रकाश सतत वाकत असतो. माझे एक परिचित अशा फोटोंवरून लेन्स सदोष ठरवून विकायला निघाले होते. सकाळी सहा वाजता जवळच्या झाडाच्या खोडावर त्याच लेन्सने फोटो काढायला लावला, तेव्हा लेन्स वाचली. अशा वेळी वाघ चौकटीत लहान ठेवून परिसरासह फोटो काढावा किंवा वाट पाहावी. गाडी जवळ घ्या म्हणून चालकाच्या मागे लागू नये. वन्यजीवापासून किमान २० मीटर अंतर राखण्याचा नियम आहे आणि फ्लॅशला तर मनाईच असते.

उजेडाची चूक वेगळ्या प्रकारची आहे. सावलीत बसलेला वाघ पाहून कॅमेरा सगळी चौकट उजळ करतो आणि डोळ्यांवरचे, गालांवरचे पांढरे केस जळून जातात. त्या जागी तपशीलच उरत नाही. शिवाय सकाळच्या सोनेरी उन्हात वाघाच्या नारिंगी रंगात लाल घटक इतका असतो की एकत्रित हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसत असतानाही लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला धडकलेला असतो. तिन्ही रंगांचे आलेख वेगळे पाहावेत, पाव ते अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) कमी उजेड द्यावा आणि फोटो रॉ, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या, स्वरूपातच काढावा. जेपेग या दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये गेलेला पांढरा रंग परत आणणे जवळजवळ अशक्य असते.

आता संपादन. सर्वांत मोठी चूक म्हणजे सुरुवातच रंग वाढवण्यापासून करणे. आधी व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे असा रंगांचा समतोल) सुधारावा, कारण सागाच्या आणि बांबूच्या सावलीत सगळ्यावर हिरवी झाक चढते आणि ती तशीच ठेवून सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवले की वाघ झेंडूच्या फुलासारखा दिसू लागतो. गालावरचे पांढरे केस संदर्भ म्हणून सोयीचे वाटतात, पण त्यांच्यावरही गवताचा रंग पडलेला असतो, म्हणून तिथून सुरुवात करून शेवट नजरेने ठरवावा. त्यानंतर उजेड, दाणे कमी करणे, रंग, आणि अंतिम आकार ठरल्यावर सर्वांत शेवटी धार. धार देताना मास्क (निवडलेल्या भागापुरतेच काम करण्याची सोय) वापरून ती वाघापुरती ठेवावी; एरवी मागचे धूसर गवतही करवतीसारखे टोचू लागते. डोळे उजळवण्याचा मोहही आवरावा. आपोआप धार आणणाऱ्या नव्या साधनांचा निकाल मिशांवर आणि कानांच्या केसांवर मोठा करून पाहावा, कारण जिथे माहिती नसते तिथे ही साधने अंदाजाने केस काढतात.

क्रॉपचे, म्हणजे फोटो कापण्याचे, गणित अगोदर करावे. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० असतो. त्यातून २००० रुंदीचा तुकडा कापला की पिक्सेल नवव्या हिश्शावर येतात. मोबाइलवर तो छान दिसतो, पण ३०० डीपीआयने (इंचाला ३०० बिंदू) छापला तर सात इंचही भरत नाही. मोबाइलवर पाठवलेला फोटो फिकट दिसत असेल, तर तो ॲडोबी आरजीबी या विस्तृत रंगपटात निर्यात झाला आहे का ते पाहावे आणि एसआरजीबी या नेहमीच्या रंगपटात पुन्हा काढावा.

एक चूक मात्र कोणाला चूक वाटतच नाही: वाघ डावीकडे पाहायला हवा म्हणून फोटो आरशासारखा उलटा करणे. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि त्याच्या डाव्या व उजव्या कुशीवरचेही सारखे नसतात. २०२१ मध्ये गौताळा अभयारण्यात आणि डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात ट्रॅप कॅमेऱ्यांत (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या) आलेले वाघ मूळचे टिपेश्वरचे, हे पट्ट्यांच्याच आधारे कळले. उलटा केलेला फोटो म्हणजे अस्तित्वात नसलेला वाघ. कुशीवर आलेली काडी पुसताना पट्टा पुसला गेला तरी तेच होते. स्पर्धेला पाठवणार असाल तर आयोजक अनेकदा मूळ रॉ फाइल मागतात, तेव्हा ती जपून ठेवावी.

बछड्यांसह असलेल्या वाघिणीचा फोटो असेल, तर निर्यात करताना फाइलमधली ठिकाणाची नोंद काढून टाकावी आणि पाणवठ्याचे नावही फोटोखालच्या ओळीत लिहू नये.